दोन रिळं, दोन्ही मुकी

आधीपासून तयारी कशी करावी, ते माझ्याकडून शिकावं! उगाच नाही मी बी.ए. झाले. सासूबाई, म्हणजे अक्काबाई, भाताच्या लावणीसाठी नणंदेकडे पासलीला पंधरा दिवस जाणार म्हटल्यावर दुसरी एखादी सून रडत बसली असती. कारण आमची आठ महिन्यांची जाई झोपायची ती फक्त त्यांच्या अंगाईवर. मी गायला लागले की ती माझ्याकडे बघायची, परीक्षकानं कोरी उत्तरपत्रिका बघावी तशी!

मी काय केलं? ह्यांनी पुण्याच्या जुन्या बाजारातून आणलेला टेपरेकॉर्डर पुढ्यात ठेवला आणि सासूबाईंना अंगाई दोनदा गायला लावली. दोन वेगळ्या रिळांवर! एक बिघडलं तर दुसरं. दुसरं भरत असताना मी मात्र उतू जाणाऱ्या दुधाकडे पळाले होते. पहिलं फडताळात, दुसरं तांदळाच्या डब्यात. दोन्हींची सुरुवात वाजवूनही पाहिली. आपलाच आवाज पेटीतून ऐकून सासूबाईंनी तोंडाला पदर लावला. "अगं बया! आता मला घरात कोन इचारतंय!"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्यासाठी दशम्या बांधत होते, तोवर त्या घरभर निरोप घेत हिंडल्या. जाईला कुंकू, मला कुंकू, देवाला नमस्कार. एसटी गेली.

अकरा वाजता जाईनं भोकाड पसरलं. मी ऐटीत पहिलं रीळ चढवलं, खटका दाबला. रीळ गरगर फिरतंय, पण आवाज नाही! आवाजाचं बटण पार शेवटापर्यंत पिळलं. नुसती खरखर. हरकत नाही! तांदूळ झटकून दुसरं चढवलं. तेही मुकं!

दोन्ही मीच पुसली असणार! आता पंधरा दिवस पोर झोपणार नाही, झोपली नाही तर दूध पिणार नाही, दूध नाही तर वजन... ती श्वास घेतेय ना, हे बघण्यात आठ महिने माझा डोळ्याला डोळा लागला नव्हता. आता तिचाही लागणार नव्हता!

माझं रडणं ऐकून शेजारच्या लीलाबाई धावत आल्या. "काय झालं गं? इंचू चावला का काय?"

"सासूबाईंचा आवाज गेला, लीलाबाई!"

"आवाज गेला? सकाळी कंडक्टरला झापलं, तवा अख्ख्या स्टँडाला ऐकू आलं की!"

मी पेटीकडे बोट दाखवलं. त्या तशाच रेडिओ दुरुस्त करणाऱ्या मानसिंगला आणायला पळाल्या. तोवर मी म्हटलं, एखादा शब्द भरून पेटीची परीक्षा तरी घेऊ. आवाज भरायच्या लाल बटणावर बोट ठेवलं.

"वैनी! बोट काढा!" मानसिंग दारातूनच ओरडला. "लाल दाबलं की हाय त्ये बी पुसंल!"

"आत आहेच काय पुसायला?"

"दोनी रिळं एकदमच कशी मरतील? रिळं बरी हायेत. आजारी हाय ती पेटी." तो वाकला. "हितलं झाकण कुठंय?"

"पहिल्या मालकानंच हरवलं."

"व्हय ना! ह्यो चकचकीत ठोकळा बगा. फीत ह्याला घासून जाती, तवा आवाज निघतो. आन् ह्याच्या कपाळाला बगा काय!"

त्यानं बोट पुसून माझ्यापुढे धरलं. लालभडक! आधी मेण, त्यावर ठसठशीत कुंकू. अशा मेणाची डबी आमच्या घरात एकाच बाईकडे होती.

आपल्या जागी हीच नातीला सांभाळणार म्हणून सासूबाईंनी निघताना पेटीलाही कुंकू लावलं होतं! मला हसावं की रडावं कळेना. मी दोन्ही केलं.

मानसिंगनं कापसाच्या बोळ्याला स्पिरिट लावून ठोकळा लख्ख केला. रीळ फिरलं आणि सासूबाई गायल्या! शेवटी, मी कधी ऐकलाच नव्हता असा बोल आला. "पोरीला काय व्हत न्हाई गं. म्या हाय न्हवं? तू बी जरा नीज."

मानसिंगचे आभार मानायला मी तोंड उघडलं, एवढंच आठवतं. पुढचं लीलाबाईंनी सांगितलं. मी भिंतीला टेकून तीन तास घोरत होते म्हणे, आणि चहा त्यांनीच केला.

पेटीला आता मी रोज कुंकू लावते. बाहेरून. आणि त्या दिवशी संध्याकाळीच पासलीला कार्ड टाकलं: "सासूबाई, तुमचे उपकार कसे फेडू? अंगाई फार गुणकारी आहे. नात अजून जागी आहे."