निपाणीचं पेट्रोल

पंपावर भरलेलं पेट्रोल परत करायला निघालेला माणूस तुम्ही पाहिला आहे का? मी पाहिला आहे. पाहिला म्हणजे काय, त्या वेळी त्याच्याच शेजारच्या सीटवर बसलो होतो आणि तोंड कुठं लपवावं ते मला कळत नव्हतं. भूपाल मगदूम, म्हणजे आमच्या कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतले आण्णा, तळहातावर चार थेंब घेऊन वास घेत पंपवाल्याला सांगत होते, "पावणं, ह्ये पेट्रोल न्हाय. ह्यात ऑक्टेनच न्हाय. काढून घ्या." तो बिचारा म्हणाला, "आता काढू कसं?" आण्णांनी शांतपणे सीटखालून रबरी नळी काढून त्याच्या हातात दिली. मागं सहा गाड्या हॉर्न वाजवत होत्या आणि त्यातली एक आमच्या शाळेच्या हेडमास्तरांची होती.

मी गणिताचा मास्तर. माणसानं निदान हिशेबात बसेल असं वागावं, एवढीच माझी जगाकडून अपेक्षा. आण्णांनी ती सहा वर्षं रोज पायदळी तुडवली.

शिरोली एमआयडीसीत एका कारखान्यात ते तीस वर्षं मशीनवर होते. निवृत्त झाल्यावर माणसं देवळात जातात, बागेत बसतात. ह्यांनी एक जुनी पेट्रोलची जीप घेतली, मागचं निम्मं अंग कापून तिथं लोखंडी हौदा बसवला आणि तिचा पिकअप केला. इथंच थांबले असते तर माझी काही तक्रार नव्हती. पण ते इंजिनाला भिडले. त्याचं हेड, म्हणजे वरचं जड झाकण, उतरवून ते स्वतःच्या हातानं मशीनवर तासलं. त्यानं गाडीची ताकद वाढली आणि नखरे त्याहून वाढले. साधं पेट्रोल घातलं की चढावर कडकड आवाज करायची. त्याला आण्णा 'खोकणं' म्हणत. ऑक्टेन म्हणजे पेट्रोलची वेळेआधी न भडकण्याची कुवत, हे त्यांनी मला इतक्यांदा सांगितलं आहे की मी ते झोपेतही सांगू शकेन. ते जितकं जास्त, तितका खोकला कमी. ही कुवत माणसातही असावी असं मला त्यांच्याकडं बघून फार वाटायचं.

"इंजिनाला जीभ असत्या मास्तर," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. "तिला चव कळत्या. तुमास्नी कळत न्हाय."

बरं, एक ट्यूनिंग करून गप्प बसावं की नाही? नाही. पत्र्याच्या शेडच्या भिंतीवर खडूनं यादी होती. पन्हाळा ट्यूनिंग वेगळं, शिरोली ट्यूनिंग वेगळं, वरातीचं वेगळं. कुठला स्क्रू किती आटे, ते पुढं लिहिलेलं. एकदा माझ्या मेहुणीचं कपाट वारणानगरला पोचवायचं होतं. मी आपलं शेजारी म्हणून विचारलं. आण्णांनी विचारलं, "कपाट रिकामं का भरल्यालं?" मी म्हणालो, रिकामं. मग बॉनेट उघडून पाऊण तास ते कार्बुरेटरात डोकं घालून बसले. निघताना माझ्या बायकोनं मोकळ्या जागेत चार गोधड्या ठेवल्या. झालं! "आदी सांगायचं न्हवं, वैनी," म्हणून पुन्हा बॉनेट उघडलं. कपाट दुसऱ्या दिवशी पोचलं आणि मेहुणी अजून तो विषय काढते.

पण हे सगळं मी सोसलं. सोसलं नाही ते निपाणी.

दर दुसऱ्या रविवारी हा माणूस पेट्रोल भरायला कर्नाटकाच्या हद्दीतल्या निपाणीला जायचा. कोल्हापुरात पंप नाहीत म्हणून नव्हे. "आपलं पेट्रोल मुंबैकडनं येतंय. वाटंत हिंदकळून ऑक्टेन उडून जातंय. त्येंचं मंगळूरकडनं येतंय, ताजं असतंय." हे शास्त्र! चाळीस किलोमीटर जायचं, चाळीस यायचं, त्यात अकरा लिटर जाळायचं, कशासाठी? तर पेट्रोल आणायला! मी त्यांना कागदावर गणित मांडून दाखवलं. त्यांनी कागदाची घडी केली आणि तिनं स्पार्क प्लग पुसला. सोबत येतो म्हटलं तर मात्र कुणालाच नेत नसत. वजन वाढतं म्हणे.

आण्णांच्या घरी दुसरं कोणी नव्हतं. बायको लवकर गेली. एक मुलगी, सुरेखा, माझीच विद्यार्थिनी. तिनं चार वर्षांपूर्वी आपल्या मनानं, जातीबाहेर लग्न केलं, आणि आण्णांनी भर गल्लीत उभं राहून सांगितलं, "आजपासनं मला लेक न्हाय." त्यानंतर तिचं नाव त्यांच्यासमोर काढायची कुणाची छाती झाली नाही. मुलगा कुठला, ती कुठं राहते, हेही आम्ही विचारलं नाही. आपण शेजारी किती निगरगट्ट असतो पाहा. इंजिनावरून मी त्यांच्याशी तासतास भांडलो, आणि हे एकदाही विचारलं नाही.

मग आमच्याकडंही नवं, भारीतलं पेट्रोल आलं. पंपावर मोठा फलक लागला, एक्क्याण्णव ऑक्टेन. मला केवढा आनंद झाला म्हणून सांगू! पाच लिटरचा कॅन स्वतः भरून नेला आणि आण्णांच्या पुढ्यात ठेवला. त्यांनी वास घेतला. पुन्हा घेतला. टाकीत ते ओतून आम्ही पन्हाळ्याचा घाट चढलो. गाडी चूं न करता वर गेली. मी म्हणालो, "संपलं की नाही निपाणी?" आण्णांचा चेहरा पडला. मला वाटलं, हरला म्हातारा.

दुसऱ्या दिवशी सकाळी गॅलरीत दात घासत होतो. खाली आण्णांनी बॉनेट उघडलं, इकडंतिकडं पाहिलं, डिस्ट्रिब्युटरचा, म्हणजे ठिणगी कधी पडावी हे ठरवणाऱ्या डब्याचा नट ढिला केला आणि तो डबा चक्क उलट्या बाजूला फिरवला. सहा वर्षं ह्यांची बडबड ऐकून एवढं मलाही कळायला लागलं होतं. गल्लीला एक फेरी मारून गाडी माझ्या दारात उभी राहिली, नुसती कडकडत.

"ऐका मास्तर! खोकत्या का न्हाय? म्हणं एक्क्याण्णव!"

तोंडातल्या फेसासकट मी खाली धावलो. "आण्णा, लाज वाटते का? माझ्या डोळ्यांदेखत बिघडवलीत तुम्ही गाडी! स्वतःच्या हातानं!"

ज्या माणसानं चार गोधड्यांसाठी ट्यूनिंग बदललं, त्यानं आपलं इंजिन मुद्दाम बिघडवावं, ह्याचा मला भयंकर संताप आला. आण्णा माझ्याकडं बघेनात. हळू आवाजात म्हणाले, "मला रविवारी निपाणीला जायाचं हाय."

"मग मीही येणार. बघू दे तरी कसलं अमृत मिळतं तिथं!"

रविवारी ते नको नको म्हणत असताना मी गाडीत जाऊन बसलोच. निपाणीच्या पंपावर आण्णांनी दोन लिटर मागितलं. थांबले. काच पुसली. आणखी दोन लिटर मागितलं. पेट्रोल हातावर घेतलं नाही, वास घेतला नाही, आकड्यांकडंसुद्धा बघितलं नाही. ते रस्त्यापलीकडं बघत होते. रविवार असल्यानं तिथली सगळी दुकानं बंद होती. एकच उघडं होतं, वह्या-पुस्तकांचं, आणि त्यात वह्या लावत सुरेखा उभी होती.

क्षणभर मी माझ्या त्या गणिताच्या कागदाला शिव्या घातल्या. मग पुन्हा आण्णांचाच राग आला. चार वर्षं! वीस पावलांवर पोटची पोर, आणि हा गडी ऑक्टेन मोजतोय! मी ताडकन उतरलो आणि रस्ता ओलांडला.

"मास्तर!" सुरेखा म्हणाली, आणि पुढचं वाक्य, "आण्णा बरं हायत न्हवं?"

"तूच विचार की. समोर तर बसलेत."

"ठावं हाय. रविवारी आमचं दुकान बंदच असतंय. त्ये येत्यात म्हणून मी उघडत्ये." ती वही सरळ करत राहिली. "एकदा गेलते मी पलीकडं, सुरवातीला. मी रस्त्यावर यायच्या आत गाडी चालू करून गेलं. मग दोन म्हयनं आलंच न्हाईत. तवापासनं हितनंच बगत्ये. बगाय तरी मिळू दे."

मी परत येऊन शब्द न् शब्द आण्णांना सांगितला. जरा मोठ्यानंच सांगितला. ते स्टिअरिंग धरून बसून राहिले.

"ती आली असती तर काय बोलणार हुतो मी?" शेवटी म्हणाले. "गल्लीसमोर लेक न्हाय म्हणून बसलोय. कुठल्या तोंडानं बोलू, मास्तर?"

माझे डोळे भरून आले होते आणि त्याचाही मला राग येत होता.

आण्णा उतरले. गाडी पंपावरून ढकलून रस्त्याच्या कडेला घेतली, मलाही ढकलायला लावलं. बॉनेट उघडून डिस्ट्रिब्युटरच्या टोपणाखालचा अंगठ्याएवढा काळा तुकडा उपसला. त्याला रोटर म्हणतात. तो काढला की इंजिन कितीही फिरवा, चालू होत नाही. तो त्यांनी माझ्या हातात कोंबला.

"ठेवा तुमच्याजवळ. मी मागिटला तरी दिऊ नगा."

आणि इंजिनात डोकं घालून उभे राहिले. पलीकडं सुरेखानं उघडं बॉनेट पाहिलं. शटर अर्धं ओढून, पदर खोचत ती रस्ता ओलांडून आली आणि मडगार्डच्या दुसऱ्या बाजूला थांबली. आण्णा एक स्वच्छ प्लग पुसत होते.

"गाडी बंद पडल्या," ते वर न बघता म्हणाले.

"मग घरला चला की," ती म्हणाली. "हुईस्तवर."

आण्णांनी प्लग पुसायचा थांबवला. तिच्याकडं बघायचा धीर होईना, म्हणून माझ्याकडं बघितलं. "मास्तर, किती येळ लागंल वो दुरुस्तीला?"

मी रोटर खिशात घातला. "संध्याकाळ तरी होईल," मी म्हणालो.