कोपऱ्यातल्या मुंगवड्या

समीक्षाची मुलाखत सकाळी अकराला होती, आणि संग्रामपुरातल्या त्या घरात धड रेंज यायची ती फक्त गच्चीवर. गच्ची मात्र तिच्या आईनं, कौशल्याबाईंनी, पहाटेच बळकावलेली. समीक्षाच्या भावाचं, हरिओमचं, लग्न तोंडावर आलेलं, त्यामुळे जुन्या लुगड्यावर मुंगवड्या घालायचं काम जोरात होतं. पोरीला परदेशात संशोधनाची जागा मिळायचीय म्हणून लग्नघरच्या वड्या थोड्याच थांबतात?

खरं तर कौशल्याबाईंना ती जागा मिळायलाच नको होती. चार वर्षं पोरगी परक्या मुलखात एकटी राहणार, हे त्यांना पचतच नव्हतं. समीक्षानंही मनाशी ठरवून टाकलं होतं, आई हो म्हणाली तरच जायचं. आणि आई काही केल्या हो म्हणत नव्हती.

आता या घरची एक रीत. लग्नाच्या वड्या जोडीनंच घालायच्या, दोन-दोन एकमेकींना चिकटवून. सुटी वडी राहिली तर नवरा-नवरीत अंतर पडतं म्हणे. समीक्षाला हे लहानपणापासून ठाऊक होतं, पण घाबरलेल्या माणसाला ऐनवेळी काय आठवतं!

फोनवर तीन प्राध्यापक दिसू लागले. त्यातले सर्वांत म्हातारे इंग्रजीत म्हणाले, मला काहीच येत नाही असं समजून तुझा विषय सांग. समीक्षानं सुंदर आकृत्या काढून ठेवल्या होत्या, त्या राहिल्या खाली, टेबलावर. आणायला जावं तर रेंज जाणार. तिनं इकडंतिकडं पाहिलं आणि सरळ कॅमेरा वड्यांकडे वळवला.

तिनं सांगितलं, की हा एक विशेष अतिवाहक, म्हणजे वीज अडथळ्याविना वाहू देणारा, पदार्थ समजा. आत सगळे कण जोडीनं बांधलेले, त्यामुळे आत सारं शांत. पण याचे चार कोपरे बघा. असं म्हणून तिनं चारही कोपऱ्यांतल्या जोड्या फोडल्या, एकेक ओली वडी उचलून बाजूला टाकली. कोपऱ्यात उरतो तो सुटा कण, ती म्हणाली. त्याची ऊर्जा शून्य.

कौशल्याबाईंना इंग्रजी कळत नव्हतं, पण डोळे होते. पोरीनं भर लग्नघरात चार वड्या एकट्या पाडलेल्या त्यांनी पाहिल्या आणि पातेलं घेऊन त्या तरातरा आल्या. प्रत्येक सुट्या वडीशेजारी त्यांनी एक नवी वडी चिकटवली. त्यानं कड वाकडी दिसू लागली, म्हणून मदतीला आलेल्या शेजारच्या तानाबाईंनी एक आख्खी ओळ वाढवली. घाईत ती ओळ एका वडीनं लांबली, आणि नव्या कोपऱ्यात पुन्हा एक वडी सुटी. ती मिटवायला दुसरीकडून ओळ घातली, तिथंही तीच गत. दोघी बाया कोपऱ्यामागं धावत होत्या आणि कोपरा काही हाती लागत नव्हता. प्राध्यापक स्क्रीनला नाक लावून बघत होते.

शेवटी मुगाचं वाटण संपलं. कौशल्याबाई कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. मुलाखत गेली खड्ड्यात.

"काऊन केलं वो हे? भावाचं लगन हाये अन् तू वड्या एकट्या पाडून राह्यली?"

समीक्षाचे डोळेच भरून आले. "एकटी नाई हाये ते, आई. या कोपऱ्यातली अन् त्या कोपऱ्यातली, दोघी मिळून एकच हाये. एकाचे दोन अर्धे. दूर-दूर हायेत म्हून तं कोनाले मोडता येत नाई."

कौशल्याबाईंनी या कोपऱ्यातली वडी पाहिली, मग पार टोकाची पाहिली. मग त्या पातेलं उचलून खाली गेल्या. म्हाताऱ्या प्राध्यापकांनी विचारलं, आई काय म्हणाली? समीक्षानं खरं तेच सांगितलं. ते इतके हसले, की त्यांना चष्मा काढावा लागला.

दुपारी ईमेल आला. जागा मिळाली होती. पण ही बातमी आईला सांगायची कुणी? वडील, इंद्रभानराव, बातमी ऐकताच शेतात निघून गेले. समीक्षा दबकत स्वयंपाकघराच्या दाराशी आली, तर आईच्या कानावर ती आधीच गेलेली, आणि आई फोनवर होती. पलीकडे बीबी गावच्या वच्छलाबाई. निम्म्या जिल्ह्याची लग्नं त्यांनीच जुळवलेली.

"हाव, पोरगी चार वर्स तिकडंच राहीन," कौशल्याबाई ठासून सांगत होत्या. "तुमी सांगतलेल्या पोराले इकडंच राहू द्या, वावर पाहीन तो. दूर असलं म्हून मोडत नसते वो, त्याचं शास्त्र हाये. नाई पटत तं ऱ्हायलं, दुसरं पाहू. पन पोरगी तं जाईनच."

समीक्षानं धावत जाऊन आईला मागून घट्ट मिठी मारली. आई फोन सांभाळत तिच्यावर खेकसली, पण मिठी काही सोडवली नाही. तिच्या स्वतःच्या लग्नाचं भांडण काय, ते आता चार वर्षं फोनवर निवांत करता येणार होतं.