साळवे सरांचा भाकरीचा तास

वाढप्याला 'नको' म्हणायला मी ताटावर दोन्ही हात आडवे धरले आणि त्यानं डावभर कढत रस्सा सरळ माझ्या हातांवर ओतला.

चूक माझीच. आमच्याकडं पंगतीत तोंडी नकाराला किंमत नसते. आपण हातांनी ताट झाकायचं, वाढप्यानं तरीही डाव पुढं रेटायचा आणि बोटांना रस्सा लागायच्या आत मागं घ्यायचा, ही त्याची कला. पण हा बारामतीतल्या टेबल-खुर्चीच्या हॉटेलातला वेटर. त्याला ही कला ठाऊक नव्हती. समोर पुण्याचे दोन साहेब आणि एक मॅडम, शेजारी आमच्या शाळेची पाच पोरं. आणि ज्यांच्या तासाची मी तीन आठवडे शिक्षकखोलीत नक्कल करत होतो, ते साळवे सर दारातून नाहीसे.

साळवे सर वडगाव निंबाळकरला आमच्या शाळेत भूगोल शिकवत. शिकवत म्हणजे येरझाऱ्या घालत. हा माणूस खुर्चीला टेकलेला मी पाहिला नाही. नकाशावर नाईल नदीतून चाललेले असताना मध्येच ओरडत, "तोंड मिटून चाव रं! शेरडं बरी तुझ्यापरास!" मागच्या बाकावर कुणीतरी ऊस खात असे. उसाला त्यांची हरकत नव्हती, आवाजाला होती.

मधल्या सुट्टीत पोरं व्हरांड्यात डबे उघडून बसली की सर रांगांमधून फिरत. "घास म्हंजी पाहुणा हाय. ढकलू नगा, या म्हणा त्याला." कुणाचं कोपर शेजाऱ्याला लागलं की त्याच्या काखेत डस्टर. डस्टर पडला की हातातला घास डब्यात परत. काटे-सुऱ्या शाळेत कुठल्या? मग कंपासपेट्या निघाल्या. उजव्या हातात कर्कटक, डाव्या हातात पट्टी आणि मध्ये बाजरीची भाकरी. पोरं भाकरीत कर्कटक रोवायची, पट्टीनं तुकडे पाडायची. निम्मी भाकरी व्हरांडाभर उडायची. गावातली कुत्री शाळेला वेळेवर येऊ लागली.

हेडमास्तर एकदा बघत उभे राहिले. "साळवे, भाकरीचं क्षेत्रफळ काढताय व्हय?"

"न्हाय सर. भीती काढतोय."

मी मागं हसत होतो. माझ्याही काखेत डस्टर होता, नक्कल करायला.

भीतीला कारण होतं. पुण्याच्या एका संस्थेचे लोक वसतिगृहातली एक फुकट जागा कुणाला द्यायची ते ठरवायला येणार होते. परीक्षा घेऊन झाली होती. आता बारामतीच्या हॉटेलात पाच पोरांबरोबर काट्या-सुरीनं जेवता जेवता बोलणार, आणि एकाला निवडणार. त्या पाचांत मंगल होती. वडिलांनी तिला सांगून टाकलं होतं, "तितं फुकट झालं तर शिक. न्हायतर उन्हाळ्यात सोयरीक." तेव्हापासून सरांना झोप नव्हती. तास संपला की मंगल, सुट्टी झाली की मंगल. "पाठ ताठ, बाय. नजर वर. ताटात काय बी पडलं न्हाय तुझं."

आणि त्या दिवशी हा माणूस स्वतः टेबलाला बसला नाही. "तुमी बसा मराठीवाले, मी बगतो," म्हणून मराठी शिकवणाऱ्या मला ढकललं आणि दाराशी उभा राहिला.

पोरं छान जेवत होती. आवाज नाही, सांडलवंड नाही. मॅडम मात्र एकटक बघत होत्या. मग मीही बघितलं. साहेबांच्या डाव्या हातात काटा, उजव्या हातात सुरी. आमच्या पाचही पोरांचं बरोबर उलटं.

"असं उलट्या हातांनी कुणी शिकवलं तुम्हाला?" मॅडमनी विचारलं.

दाराकडं बघितलं तर सर नाहीत. त्या घाबरगुंडीत वेटर आला, आणि माझे हात ताटावर गेले.

हात धुवायला आत पळालो तर सर स्वयंपाकघराच्या बोळात फेऱ्या मारत होते.

"उलटं शिकवलं मी," ते म्हणाले. "आत्ता ध्यानात आलं. कॉलेजात हुतो तवा पुण्याला एका हाटेलात तीन वर्सं पलेटी धुतल्या. भिंतीत खिडकी हुती, तिच्यातनं जेवणारी माणसं दिसायची. समोरनं बगितलं ना मी. त्यांचा डावा त्यो मला उजवा वाटला. पोरीचं वाटुळं केलं, मराठीवाले."

"पण तुम्ही कधी टेबलावर बसून..."

"बसलो असतो की. कुणी या म्हनलं न्हाय."

मी नळाखाली हात धरले. त्यांची नक्कल मी फार चांगली करत असे.

दोघं परत आलो तेव्हा मॅडम मंगलला विचारत होत्या, "आमचे हात बघून तुला बदलता नाही आलं?"

"पहिल्या घासालाच दिसलं, मॅडम. पण सर दारातनं बगत हुते. त्यांच्यादेखत हात बदलायचा म्हंजी सर चुकलं असं सांगायचं. त्यापरास उलटं बरं."

सर दारातच खिळले. येरझाऱ्या थांबलेल्या मी पहिल्यांदा बघितल्या. मॅडमनी काटा खाली ठेवला. उठून स्वतः खुर्ची ओढली आणि म्हणाल्या, "या सर."

सर बसले. काटा उजव्या हातात घेतला, तसाच. घास तोंडापर्यंत जायला फार वेळ लागला.

निघताना मॅडम मंगलला म्हणाल्या, "जूनमध्ये ये. येताना पेटी आण."

एसटी स्टँडवर मी रुमालात गुंडाळलेला हात सांभाळत बसलो होतो. सर पुन्हा फेऱ्या मारायला लागले होते. काहीतरी भरपाई करावी म्हणून मी म्हटलं, "सर, उद्यापासून पोरांना सरळ हातांनी मी शिकवू का?"

सर थांबले. माझ्याकडं, मग माझ्या रुमालाकडं बघितलं.

"नगा. पोरांना निदान उलटं तरी येतंय. तुमाला तर त्ये बी न्हाय."