जागेवरची पिशवी

राजेश्रीला सेलूच्या स्टेशनावर एक पर्स सापडली आणि तिने ती झरीच्या एका अनोळखी बाईला घरपोच नेऊन दिली, तेव्हापासून शेजारच्या हेमाची झोप उडाली होती. त्या बाईने राजेश्रीला बहीण मानलं, भारी साडी नेसवली, वर पोतंभर ओला हरभरा घरी पाठवला. राजेश्रीने त्यातले वाटीभर सोलाणे हेमालाही दिले. हेमाला ते कडू लागले.

"मी काय डोळे झाकून फिरते का? मला कसं कदी काय सापडत न्हाई?" तिने नवऱ्याला विचारलं.

माधवराव शाळेत क्लार्क होते. ते पेपरातून मान न काढता म्हणाले, "शोधायलीस कशाला? आपलं हाय ते सांभाळ."

सोमवारी परभणीला जायला हेमा स्टँडवर गाडीत चढली. गाडी रिकामी, आणि खिडकीजवळच्या सीटवर निळी पिशवी! कुणाची नजर पडायच्या आत ती पिशवी छातीशी धरून खाली उतरली. आत धोतरं, दाढीचं सामान आणि आधार कार्ड होतं. तात्याराव, मुक्काम वालूर.

कंडक्टरकडे द्यावी असं मनात आलं. पण मग साडी कंडक्टरला मिळाली असती. तिने वालूरची जीप पकडली.

तात्यारावांच्या घराचं दार त्यांच्या बायकोने, सुमनबाईंनी उघडलं. पिशवी पाहून त्या चमकल्या. "ही कुठं गावली तुमाला?"

"गाडीत राहिली होती. विसरले असतील बिचारे."

तेवढ्यात सुमनबाईंचा फोन वाजला. पलीकडचा आवाज ओसरीभर घुमला. "जागा धरायला पिशवी ठिवली अन् च्या प्यायला गेलो, तं कुन्या चोरट्यानं पळवली! जागा बी गेली, गाडी बी गेली!"

हेमा दाराकडे सरकली. "मावशी, देवाशप्पथ, मला वाटलं..."

"गप बसा, बाई." सुमनबाईंनी फोनवर हात ठेवला. "सकाळी भांडून निघालेत. लेकीकडं ऱ्हातो, परत येत न्हाई म्हनले." मग फोनमध्ये म्हणाल्या, "पिशवी घरी आली हाय. कापडं पायजे असतील तर या."

पलीकडून आवाज आला, "ठेचा केलाय का?"

"केलाय."

"येतो."

सुमनबाईंनी पदराने डोळे पुसले, पेटीतली कोरी इरकली साडी काढली आणि हेमाची ओटी भरली. "लय उपकार झाले, बाई. पर मालक यायच्या आत निघा. चोरटा गावला तर तंगडं मोडतो म्हनायलेत."

परतीच्या जीपमध्ये हेमाने राजेश्रीला काय काय सांगायचं ते घोळवलं. सेलू जवळ आलं तसं तिच्या लक्षात आलं, साडीची गोष्ट सांगायची तर आधी पिशवी पळवल्याची सांगावी लागणार.

राजेश्री दारातच उभी होती. "अगं बाई, इरकल! कुणी दिली?"

"ह्यांनी," हेमाच्या तोंडून निघून गेलं. "सहजच."

"सहजच?" राजेश्रीचा हात साडीवरून हलेना. "सण न्हाई, वार न्हाई, अन् सहजच?"

संध्याकाळी भिंतीपलीकडून राजेश्रीचा चढलेला आवाज येऊ लागला. "नवरा कसा असावा, ते जरा शेजारी बघा! माधवरावांकडून शिका कायतरी!"

माधवरावांनी दचकून पेपर खाली ठेवला. "मी काय केलं?"

"गप बसा हो," हेमा भिंतीला कान लावत म्हणाली. "ऐकू द्या."