बाळारामकाकांचं बंद पाणी

बाळारामकाका कुणाच्याही घरात शिरले की आधी पाण्याची चौकशी करतात, माणसांची नंतर. पाणी कुठून येतं, टाकी किती उंचीवर आहे, जास्तीचं पाणी कुठं जातं. आमच्या शेजारच्या साखरपुड्यात मुलाकडची मंडळी बसलेली असताना हे गृहस्थ न्हाणीघरात गेले आणि तिथला गळका नळ सोडवून, हातात धरून, बैठकीत आले.

"वायसर गेलाय," त्यांनी जाहीर केलं.

नळ सोडवण्याआधी त्यांनी मेन कॉक बंद केला होता. त्यामुळे पोहे खाल्लेल्या वीस-पंचवीस पाहुण्यांना हात धुवायला पाणी नव्हतं. तेवढ्यासाठी लग्न मोडलं नाही, ही मुलाकडच्यांची कृपा.

काकांची सगळी नोकरी भातसानगरला, मुंबईला पाणी पुरवणाऱ्या धरणाच्या दरवाजांवर गेली. निवृत्त झाल्यावर ते शेणव्याला घरी आले. माझं शहापूरला एसटी स्टँडसमोर कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. एवढ्यावरून आमची गाठ पडायचं काही कारण दिसत नाही. पण काकांना आणखी एक नाद होता. नोकरीत असताना सुट्टीच्या दिवशी ते लग्नांचं व्हिडिओ शूटिंग करत. शेणव्यापासून मुरबाडपर्यंत, पार सिद्धगडाच्या पायथ्याच्या वाड्यांपर्यंत, खांद्यावर कॅमेरा घेऊन हा माणूस हिंडलेला. त्या सगळ्या कॅसेटींना आता बुरशी धरायला लागली होती. काका एकेक कॅसेट पुसून कॉम्प्युटरवर उतरवत, चित्र साफ करत, माणसांच्या चेहऱ्याखाली नावं टाकत आणि ज्याचं लग्न त्याला फुकट नेऊन देत. या कामात कॉम्प्युटर तापायचा. तापला की आतला पंखा जोरात फिरायचा. आणि पंखा फिरला की काका सकाळच्या एसटीने माझ्या दुकानात.

"आवाज हाय गो."

मी पंखा बदलून दिला. चार दिवसांनी तो कापडी पिशवीतून परत आला. दुसरा दिला, तोही आला. तिसरा तर इतका गुपचूप फिरायचा की तो चालू आहे का बंद, हे बघायला मी त्याच्यासमोर कागदाचा कपटा धरला होता. काका तो घेऊन गेले आणि दुसऱ्याच दिवशी पिशवी काउंटरवर.

"घुमतोय."

"काका, पंखा आहे तो. थोडा तरी घुमणारच."

"मग पंखाच नको. पाण्यावरचा असतो ना? तो बसव."

पाण्यावरचा असतो, हे त्यांना मीच कधीतरी बोलून बसले होते. प्रोसेसरच्या डोक्यावर एक छोटा पंप बसतो, त्यातून दोन रबरी नळ्या निघतात आणि मोटारसायकलला असतो तसल्या एका रेडिएटरला जाऊन मिळतात. पाणी फिरतं, उष्णता वाहून नेतं. रेडिएटरलाही पंखे असतात, पण ते निवांत फिरतात. पाणी कारखान्यातच भरून सगळं बंद करून येतं. हे मी काकांना नीट समजावून सांगितलं, आणि तिथंच माझं चुकलं.

"पाणी कुठून भरायचं?"

"भरायचं नसतं."

"पातळी कशी बघायची?"

"ती दिसत नाही, काका."

काकांनी चष्मा काढला. "न दिसणाऱ्या पाण्याच्या भरवशावर मुंबई राहील काय गो?"

"मुंबईचा इथं काय संबंध?"

"पाण्याचा सगळ्यांशी संबंध असतो."

मी तो पाण्यावरचा कूलर मागवला. दुकानात कॉम्प्युटर आणा म्हटलं, तर "मशीन जागेवरून हलणार नाय." बरं, मी येते म्हटलं, तर "आधी चार दिवस गळती बघणार." खोका घरी घेऊन गेले. रोज सकाळी माझा फोन वाजायचा. "आज पण कोरडा हाय." एवढं एकच वाक्य, आणि फोन बंद.

पाचव्या दिवशी मी शेणव्याला पोचले. काकांच्या ओटीवर लीलाकाकी वालाच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. मी "कशा आहात, काकी?" म्हटलं. त्यांनी मान वर केली नाही. नवऱ्याच्या या सगळ्या कारभाराला त्या विटल्या असतील, असं मला वाटलं आणि मनातून मी त्यांच्याच बाजूची झाले.

आत कूलर परातीत ठेवलेला होता, आणि अख्ख्या कूलरवर तांदळाचं पीठ भुरभुरलं होतं.

"हे काय?"

"थेंब जरी सुटला तरी पिठावर उमटतो. आमी धरणावर खडूची पूड टाकायचो."

रेडिएटरच्या बारीक पात्यांमधलं पीठ रंगाच्या ब्रशने झाडून काढण्यात माझा अर्धा तास गेला. ते सांडू नये म्हणून काकांनी खाली परात धरली होती. पीठ वाया जाऊ द्यायचं नव्हतं.

मग जुना पंखा काढला. प्रोसेसरवरची वाळलेली पेस्ट स्पिरिटने पुसली. मदरबोर्डच्या मागून पट्टी लावली, वाटाण्याएवढी नवी पेस्ट टाकली. "एवढीच?" काका म्हणाले. पंप बसवून समोरासमोरचे स्क्रू थोडे थोडे आवळत गेले, तेव्हा मात्र ते वाकून बघायला लागले. "बरोबर पिळतेस," असं पुटपुटले. या सगळ्या प्रकरणात माझ्या वाट्याला आलेलं कौतुक एवढंच.

रेडिएटरला वर जागा नव्हती, म्हणून तो मी कॉम्प्युटरच्या डब्याच्या तळाशी बसवला. वायरी जोडल्या, बटण दाबलं. कॉम्प्युटर सुरू झाला आणि आतून आवाज आला. गुड, गुड, गुड.

"हवा धरली," काका म्हणाले.

"काका, सील केलेलं आहे ते. हवा कुठून येणार?"

"भरतानाच राहते थोडी. हवा वर चढते. तुझा पंप सगळ्यात वर, रेडिएटर खाली. मग हवा जाईल कुठं? पंपातच बसली."

"माझं शिक्षण यातच झालंय."

"माझी नोकरी त्यात झाली."

मी रागारागाने माहितीपुस्तिका उघडली. मी बसवलं होतं तस्संच्या तस्सं चित्र तिथं छापलं होतं. त्यावर मोठी लाल फुली होती. ते पान मी काकांना दाखवलं नाही. "बघू, पुढच्या बाजूला बसतो का," एवढं म्हटलं आणि सगळं पुन्हा खोललं. पुढच्या बाजूला हार्ड डिस्कचा पिंजरा होता, तो काढावा लागला. सगळी लग्नं त्या डिस्कमध्ये. माझं काम होईपर्यंत काका ती डिस्क टॉवेलवर ठेवून, टॉवेल मांडीवर घेऊन, हलायचं नाव न घेता बसून राहिले.

रेडिएटर पुढे उभा बसला. त्याचं डोकं पंपाच्या वर गेलं. पुन्हा बटण दाबलं. दोन-चार वेळा गुडगुडलं आणि थांबलं. मी मुद्दाम एक मोठा व्हिडिओ तयार करायला लावला. एरवी या कामाला पंखा बोंब मारायचा. आज कान लावला तर जेमतेम सळसळ. आता शाबासकी येणार म्हणून मी स्क्रू ड्रायव्हर पुसत उभी राहिले.

काका डोळे मिटून ऐकत होते. मग उठले आणि बाहेर गेले. नवीन काय खुसपट काढलं, म्हणून मीही मागोमाग दारापर्यंत गेले. त्यांनी लीलाकाकींच्या खांद्यावर बोट टेकवलं आणि स्वतःच्या कानाला हात लावून दाखवला. काकींनी शेंगांचं सूप बाजूला सारलं. कनवटीची छोटी डबी काढली, डबीतून ऐकायचं मशीन काढलं आणि कानामागे बसवलं.

मघाशी माझ्या विचारण्याला उत्तर का आलं नव्हतं, ते मला तेव्हा कळलं.

"दोन वर्षं झाली," आत आल्यावर काका माझ्याकडे न बघता, वायरी नीट करत म्हणाले. "पंखा लागला की हिच्या मशीनमधे नुसती घरघर. माणसाचं बोलणं बुडतं त्यात. मग मशीन काढून बाहेर जाऊन बसायची. आणि मला माणसं कुठं ओळखता येतात? मी कॅमेऱ्यामागं. कोण कुणाची जाव, कोण कुणाचा साडू, ते हिला ठाऊक. अर्धी नावं कोरीच हायत."

"मग हे आधी सांगायचं ना, काका! तीन पंखे बदलले मी!"

"आवाज हाय, हे सांगितलं ना. बायकोचं गावभर कशाला सांगू?"

त्यांनी दुसरी खुर्ची ओढली. काकी बसल्या. पडद्यावर मुरबाडकडचं कुठलं तरी जुनं लग्न सुरू झालं. काकांनी सवयीने स्पीकर पूर्ण सोडला होता. बँजोने घर दणाणलं.

"अवो, बारीक करा," काकी म्हणाल्या. "येतंय मला ऐकू."

काकांनी बारीक केला.

"अजून."

त्यांनी अजून केला.

"ही कोण, पारूबाई काय?" काकांनी विचारलं.

"पारू कुठली! पारूची जाव ती. पारू मागं बघा, रुसलीय. हळदीलाच भांडण झालेलं त्यांचं, साडीवरनं."

"आमाला तेव्हा सांगितलं नाय कुणी."

"तुमी धरणावर."

काका एका बोटाने नाव टाइप करायला लागले. काकी खुर्ची पुढे सरकवून पडद्याजवळ गेल्या आणि पारूच्या भांडणाचं मूळ सांगू लागल्या. मी हत्यारं पिशवीत भरली. दारात उभी राहून "येते हं, काका," म्हटलं. मग जरा मोठ्याने, "येते, काकी."

दोघांपैकी कुणालाही ऐकू गेलं नाही.