भूपालआप्पांचे वाढदिवस

निपाणीतल्या आमच्या गल्लीत भूपालआप्पांचा वाढदिवस वर्षातून किती वेळा येतो, हे त्यांनाही धड सांगता येणार नाही. चपलांच्या दुकानात तो जानेवारीत, कापडाच्या दुकानात जूनमध्ये, चष्म्याच्या दुकानात ऐन दिवाळीत. बिलासाठी कुणी नाव, नंबर, जन्मतारीख विचारली की आप्पा गंभीर चेहऱ्यानं नवीच तारीख ठोकून देतात. उभा जन्म तंबाखूच्या व्यापारात गेला. ज्याच्या त्याच्या गोणीवर वेगळी खूण करायची सवय काही सुटली नाही.

निवडणूक जवळ आली की ही खूण कामाला येते. जूनमध्ये उमेदवाराच्या शुभेच्छा आल्या, की आप्पा धोतर सावरत थेट कापडाच्या दुकानात.

"कितीला इकलास रं मला?" भर गिऱ्हाइकांत विचारणार. मालक बिचारा सगळं कॉम्प्युटरवर ढकलतो.

"आप्पा, शुभेच्छाच आहेत, घ्या की," मी एकदा चिडवलं.

"चोरानं पेढा दिला म्हणून खायाचा व्हय? नंबर मी शर्टासाठी दिलता, मतासाठी न्हाय!"

यंदा प्रचार ऐन रंगात असताना एका सकाळी त्यांनी मला हाक मारली. अंगावर ओला पंचा, हातात पद्माक्कांचा फोन. पद्माक्का म्हणजे त्यांची बायको. गेल्या वर्षी मूत्रपिंडाच्या आजारानं गेल्या. आप्पांनी त्यावर आलेला निरोप ऐकवला, कन्नडात नव्हे, चक्क मराठीत.

"पद्मावतीताई, वाढदिवसाच्या शुभेच्छा! तुमच्यासारख्या मूत्रपिंडाच्या रुग्णांसाठी आपले साहेब..."

"दुखणं ठाऊक, घरात मराठी बोलतो ते ठाऊक," आप्पा म्हणाले, "ती गेली तेवढं ठाऊक न्हाय!"

"तारीख खरी आहे?"

"खरीच. समद्यांस्नी खोटं सांगितलं, औषधाच्या दुकानात तेवढं खरं. तिच्या गोळ्यांत घोळ नको म्हणून."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. माणसाचं दुखणंसुद्धा यांना मतं मागायला लागतं! तसेच आम्ही औषधाच्या दुकानात गेलो.

"प्रचाराची माणसं आली, माहिती मागितली. सगळेच देतात की," मालक म्हणाला.

मी तोंडाला येईल ते बोललो. आप्पांनी मात्र आवाज चढवला नाही.

"तिचं नाव काढ. माझ्यासमोर."

मालकानं ते कॉम्प्युटरमधून काढून टाकलं. "पण आप्पा, तिकडं गेलेलं मला परत आणता येत नाही," तो खाली बघत पुटपुटला. हे द्यायच्या आधी सुचायला काय झालं होतं, कोण जाणे.

परतताना मी म्हटलं, "आक्कांचा नंबर बंदच करून टाका. पुन्हा ताप नको."

आप्पा कोपऱ्यावर थांबले. फोन पंच्याच्या टोकानं पुसला.

"रोज चार्ज करतोय ह्यो. वर्षात एकदा बी वाजला न्हवता," ते म्हणाले. "आज वाजला, तवा अंघोळ अर्धी टाकून पळत आलतो रं मी."