उलटा एप्रन

ओस्ने श्वास रोखून आरशासमोर उभी होती. सोडला असता तर कंबरेचा हूक तुटला असता. सासूबाईंच्या आजीचा बुनाड, म्हणजे भरतकामाच्या एप्रनसकट सणाचा पारंपरिक पोशाख, आज जत्रेसाठी प्रथमच तिच्या अंगावर चढला होता, आणि बाळंतपणानंतरची कंबर त्या पोशाखाला मुळीच मान्य नव्हती.

"जपून हं," सासूबाई, म्हणजे बोर्गहिल्ड, म्हणाल्या. खोऱ्यात कुणाचाही टाका चुकला की आधी त्यांना दिसे. "डाग पडला, की हा योरुनकडे जाईल."

योरुन म्हणजे मोठी जाऊ. डागाची वाट तिच्याइतकी कुणीच पाहत नव्हतं.

जत्रेत पोचताच नवरा फिडल घेऊन पसार झाला आणि तान्हा तार्येई ओस्नेच्या कडेवर आला. शेजारच्या आजीबाईंनी "खाऊ दे गं लेकराला!" म्हणत त्याला सायीची लापशी भरवली, वर लोण्याची धार सोडून. तार्येई आईकडे पाहून गोड हसला, आणि सगळी लापशी त्याने एप्रनवर परत केली.

पुसावं तसं लोणी पसरत गेलं. ओस्ने कोठाराच्या मागे गेली आणि तिने एप्रन उलटा करून बांधला. भरतकामाच्या गाठी आणि लोंबते दोरे, सगळं जगासमोर आलं.

बाहेर येते तर समोर बुनाड घातलेल्या सासूबाई, सोबत जाऊ आणि जुन्या पोशाखांची नोंद करायला आलेल्या शहरातल्या संग्रहालयाच्या बाई!

"अगंबाई, एप्रन उलटा!" योरुन आनंदाने ओरडली.

बाईंनी चष्मा सावरला. "ही चूक आहे, की तुमच्याकडची पद्धत?"

बोर्गहिल्डचा चेहरा पांढरा पडला. "चूक? आमच्या घरात? मोठ्या सणाला आम्ही असाच बांधतो. पूर्वापार."

"वा! मग तुमचा सुलटा कसा?"

"तोच... बदलायला निघाले होते." जन्मभर लोकांचे टाके तपासणाऱ्या बोर्गहिल्ड कोठारामागे गेल्या आणि दोरे लोंबवत परतल्या. बाईंनी दोघींचा फोटो काढला.

"आता हे कायम असंच?" योरुनने नाक मुरडलं. "मग मला नको बाई तो बुनाड. ओस्नेलाच लखलाभ!"

सासूबाईंनी तार्येईला ओस्नेकडून ओढून घेतलं.

"चांडाळा," त्या हताशपणे पुटपुटल्या, "तुझ्यापायी आता मला पुरतीलसुद्धा उलट्या एप्रनात."

आणि त्याच एप्रनाने त्यांनी त्याची हनुवटी पुसली.